पेट्रोलच्या पाइपावरची अक्षरं

"इतकी वर्षं मी एकटाच खाली येऊन खटपट करायचो गं," बाबा म्हणत होते. "आता निदान बोलायला कुणीतरी आहे."

मी जिन्याच्या शेवटच्या वळणावर होते. हातात चहाचे दोन कप. खाली पार्किंगमध्ये आमच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्यावर दोन पाठी वाकलेल्या होत्या. एक बाबांची, दुसरी वहिनीची. दादाचं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. वहिनी चाकणच्या मोटारींच्या कारखान्यातली नोकरी सोडून आमच्या कोलकात्यातल्या बालीगंजच्या घरी राहायला आली होती आणि दादासारखीच न्यू टाउनला कामाला जायला लागली होती.

एकटाच, हा शब्द मला लागला. कारण बाबा एकटे कधीच नव्हते. मी शाळेत होते तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर खाली जायची, बॅटरी धरायला. ते इंजिनात हात घालायचे आणि मी त्यांच्या बोटांवर उजेड पाडायची. बोटं सरकली की उजेड सरकवायचा, एवढंच काम. बाबा बोलत नसत. मीही बोलत नसे. लोकांशी बोलायला मला जड जातं, लहानपणापासून जातं. त्यामुळे ज्या माणसाला माझ्याकडून काही ऐकायचं नाही, त्याच्या शेजारी उभं राहणं मला फार आवडायचं. मला वाटायचं, बाबा माझ्यासारखेच आहेत. आम्ही दोघं न बोलणारी माणसं आहोत आणि रविवारची सकाळ आमची आहे.

आता वहिनी आली होती आणि बाबा बोलत होते. नुसतं बोलत नव्हते, खिदळत होते.

मी चहा नेऊन दिला.

"वन्सं, वाटेत थंड करून आणलात होय?" वहिनी म्हणाली. ती मला मुद्दाम जुन्या पद्धतीनं वन्सं म्हणायची आणि स्वतःच हसायची. बाबाही हसले. माझ्या जागेवर, म्हणजे डाव्या हेडलाइटपाशी, ती उभी होती. बॅटरी तिनं बॉनेटच्या दांडीला रबरबँडनं बांधून टाकली होती. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

मी वर गेले नाही. जिन्यात कठड्याला टेकून उभी राहिले.

गाडी जुनी होती आणि काही दिवसांपासून तिला पेट्रोलचा वास येत होता. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल मिसळतात, जुनं रबर त्याला टिकत नाही, असं वहिनीचं म्हणणं. इंजिनाकडे जाणारा काळा पाइप तिनं फडक्यानं पुसायला घेतला.

"बाबा, ह्याची कुंडली वाचल्याशिवाय नवा आणायचा नाही," ती म्हणाली. "हे बघा, अक्षरं आहेत. आठ एमएम. हे आतलं माप, बाहेरचं नाही. दुकानदार बाहेरून बघून देतात आणि मग आपण क्लिपा आवळत बसायचं."

"आणि हे पुढचं?"

"जे-थर्टी. हे स्टँडर्ड. पण खरी गंमत त्याच्या पुढच्या आरमध्ये आहे. आर-सिक्स, आर-सेव्हन हे कार्बोरेटरच्या गाड्यांचे, प्रेशर कमी असतं ना. आपली इंजेक्शनची गाडी, प्रेशर जास्त. आपल्याला आर-नाइन पाहिजे."

"मग हा काय आहे?"

वहिनीनं पाइप उजेडाकडे वळवला. "च्यायला. आर-सेव्हन. कुणी बसवला हा?"

बाबांनी आधी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मी."

"नशीब फुटला नाही!"

आणि दोघं पोट धरून हसली. मला तो पाइप बसवला ती सकाळ आठवत होती. मी कॉलेजात होते. बाबा पाइप ढकलत होते, त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावर येत होता आणि मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली होती. म्हणजे ती अक्षरं तेव्हा माझ्याच उजेडात होती. बाबांनी ती वाचली नाहीत आणि मीही वाचली नाहीत. वाचली असती तरी मी काही विचारलं नसतं.

पुढच्या शनिवारी दोघं मल्लिक बाजारला गेली, गाडीचे सुटे भाग मिळतात तिथे. मी चपला घालून दारात उभी होते.

"तू कुठे येतेस?" बाबा म्हणाले. "कसली गर्दी असते तिथे. तुला नाही आवडायचं."

ते खरंच होतं. मला गर्दी आवडत नाही, आणि बाबांना ते माहीत होतं, आणि त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं. त्यामुळे मला काही बोलताही येईना. मी चपला काढून ठेवल्या. दुपारी ती परत आली तेव्हा बाबांच्या शर्टाला काठी रोलमधल्या चटणीचा डाग होता. बाबा रस्त्यावर उभे राहून काही खातात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे तेही डागावरून.

"मीटरभर घेतला," बाबांनी आईला नवा पाइप दाखवला. हार आणल्यासारखा दोन्ही हातांवर धरून. "उरला तर उरला. आणि दुकानदाराची काय उडवली हिनं! तो म्हणतो सब एक ही है दादा. ही म्हणते, मग अक्षरं कशाला छापलीत, नक्षी म्हणून?"

दादा सोफ्यावरून म्हणाला, "बाबांना सून नाही मिळाली, असिस्टंट मिळाली."

"असिस्टंट?" बाबा म्हणाले. "बॉस म्हण, बॉस."

सगळे हसले. आई मला म्हणाली, "तुझं तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"डोकं दुखतंय," मी म्हटलं.

वहिनी वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईट नव्हती. ती माझ्यासाठी बाजारातून पेन्सिली आणायची, कारण मी घरी बसून इंग्रजी पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासते आणि पेन्सिली फार लागतात. माझं मराठी घरापुरतं, आई-बाबांकडून ऐकलेलं. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर बांगला, दुकानात हिंदी. वहिनीचं मराठी पिंपरीच्या गल्लीतून आलेलं, भरभरून, त्यात शिव्यासुद्धा गोड लागायच्या. तिनं एखादा शब्द वापरला की बाबांचा चेहरा उजळायचा. "हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता," असं ते म्हणायचे. मी त्यांच्याशी आयुष्यभर मराठीतच बोलत आले होते. माझ्या एकाही शब्दानं त्यांचं असं कधी झालं नव्हतं.

मला जे सहन होत नव्हतं ते हे, की बाबा मुळात अबोल नव्हतेच. ते फक्त माझ्याबरोबर अबोल होते.

नवा बसवून झाल्यावर जुना पाइप वहिनीनं कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. मी तो काढला, साबणानं धुतला आणि माझ्या टेबलावर दिव्याखाली ठेवला. बारीक अक्षरं वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम पडला असेल तर मला तो पानभर अंतरावरून दिसतो. मी पाइप बोटांनी फिरवत वाचला, मग फोनवर एकेका खुणेचा अर्थ शोधला. काही दिवस मी दुसरं काही वाचलंच नाही.

खूप कळलं. पाइपावर दोन दाब छापलेले असू शकतात, एक चालवायचा आणि एक ज्याला तो फुटतो, आणि घाईत मोठा आकडा वाचणारे फसतात. कधी आतल्या रबराची जात लिहिलेली असते. वर्ष असतं, आणि वर्षातली कितवी तिमाही तेही असतं, म्हणजे दुकानातला 'नवा' पाइप किती काळ धूळ खात पडला होता ते कळतं. आर-सेव्हन आणि आर-नाइन तर होतेच. आर-फोर्टीन म्हणून एक होता, त्यातून पेट्रोलची वाफ कमी निसटते. आणि आर-टेन होता. तो टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये पूर्ण बुडून राहण्यासाठी. बाकीचे पाइप पेट्रोल पोटात घेऊन चालतात, पण त्यांची बाहेरची कातडी पेट्रोलमध्ये भिजत ठेवण्यासाठी केलेलीच नसते. ती फुगते, मऊ पडते, तिचे कण सुटतात.

हे सगळं मला पाठ झालं. आणि सांगायला कुणी नव्हतं.

एकदा जेवताना मी म्हटलं, "आर-फोर्टीन म्हणूनपण एक असतो."

"काय?" दादानं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबासुद्धा.

"मीठ दे," मी म्हटलं.

इंजिनाकडचा पाइप तर बदलला होता. पुढचा वास गेला, पण मागच्या सीटवर बसलं की अजून यायचा. आई तर गाडीत बसायलाच तयार नव्हती. वहिनीनं निदान केलं. मागच्या सीटखाली टाकी, टाकीत पंप, आणि पंपाला जोडलेला बोटभर पाइप. तोही गेला असणार, शिवाय वरच्या झाकणाचं रबर. झाकणाचं रबर मागवलं. पाइप घरात होताच.

ज्या दिवशी दोघांनी हे काम काढलं ती विश्वकर्मा पूजा होती. वहिनीला सुट्टी होती. पण त्या दिवशी हत्यारं उचलायची नसतात हे तिच्या, इथे नवीन असल्यानं, ध्यानात येणं शक्यच नव्हतं, आणि बाबा इतकी वर्षं राहूनही दर वर्षी विसरतात. आमच्या घरात हत्यारांची पूजा खंडेनवमीला. कोलकात्यात ती विश्वकर्मा पूजेला, त्याच्या कितीतरी आधी. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाला त्या सकाळी झेंडूची माळ घातलेली होती, मोटरवर सिंदूर होता. बाबांनी मागची सीट उचलून बाहेर ठेवली आणि पाने मांडले, तेवढ्यात दरवान प्रसादाचं ताट घेऊन आला आणि जागच्या जागी थांबला.

"मेशोमोशाय! आज जोन्त्रोपातिते हात देबेन ना."

म्हणजे, काका, आज हत्यारांना हात लावू नका.

"अरे देवा," बाबा म्हणाले आणि पाना खाली ठेवला.

"बाबा, पण आपली खंडेनवमी अजून लांब आहे," वहिनी म्हणाली. "आपल्याला नाही चालायचं का?"

"खंडेनवमीला तुझी सासू मला साधा पेचकस उचलू देत नाही. ह्यांच्या दिवशी मी उचलला तर बरं दिसेल का?" त्यांनी दरवानाकडून प्रसाद घेतला, कपाळाला लावला. "उद्या सकाळी करू. काय पळून जातेय टाकी?"

सीट तशीच भिंतीला टेकवून दोघं वर गेली.

दुपारी गच्चीवर पतंग होते. कुणाचा तरी कापला गेला की "भोकाट्टा!" अशी आरोळी उठायची आणि आमच्या गल्लीतली सगळी कुत्री भुंकायची. दादा आणि वहिनी गच्चीवर होती. बाबाही गेले होते, फिरकी धरायला. मी खाली गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. ती दोघं नसताना मला ती जागा बघायची होती.

सीटच्या जागी पत्रा उघडा होता आणि त्यावर, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, उद्यासाठी सगळं मांडून ठेवलेलं. क्लिपा, झाकणाचं रबर, आणि मीटरभरातून उरलेला पाइप. मी सवयीनं तो उचलून वाचला. आठ एमएम. जे-थर्टी. आर-नाइन.

मी पुन्हा वाचला. प्रुफात चूक सापडली की मी एकदा नजर हटवून पुन्हा बघते, तसं केलं. आर-नाइनच होता. इंजिनाजवळ अगदी योग्य. टाकीच्या आत नाही.

वहिनी चुकली होती.

मला आधी आनंद झाला, तो लपवून काही उपयोग नाही. वहिनीनं चाकणला इंजिनाच्या बाजूचंच काम केलं होतं, टाकीचं नाही. इंजेक्शनची गाडी म्हणजे आर-नाइन हा तिचा नियम होता आणि टाकीत उतरल्यावर नियम बदलतो हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्याकडे आता एक गोष्ट होती जी त्या दोघांकडे नव्हती.

पण ती करायची काय? वहिनीला एकटीला गाठून सांगितलं असतं, तर ती "अय्या, खरंच की!" म्हणाली असती आणि पळत जाऊन बाबांना सांगितलं असतं, आणि दोन मिनिटांत ती गोष्ट त्या दोघांची झाली असती. माझं नाव तिनं नक्की घेतलं असतं, ती तशी होती. पण हसले असते ते दोघं. काहीच सांगितलं नसतं, तर काही आठवडे गाडी मजेत चालली असती. मग पाइप मऊ पडून पंपावरून निसटला असता आणि कुठल्यातरी उड्डाणपुलाच्या मध्यावर, मागच्या सीटवर आई बसलेली असताना, गाडी बंद पडली असती. तेव्हा बाबांनी वहिनीकडे कसं पाहिलं असतं, ह्याची मी तिथे उभी राहून कल्पना करून बघितली. मला नीट जमली नाही. माझ्या कल्पनेतसुद्धा ते हसूनच म्हणत होते, "नशीब, पुलावरून खाली नाही पडली!"

रात्री जेवताना मी तीन-चारदा तोंड उघडलं. बाबा सांगत होते, वहिनीच्या मांजानं पलीकडच्या गच्चीवरचा पतंग कसा कापला. मधे जागाच नव्हती.

सकाळी ती दोघं खाली गेली, तशी मीही गेले. चहा वगैरे काही नेला नाही. खांबापाशी उभी राहिले. बाबांनी गाडीची चारही दारं उघडी टाकली होती, इंजिनाची बॅटरी सोडवून ठेवली होती आणि शेजारी वाळूची बादली होती. झाकण उघडलं तसा वास अंगावर आला. वहिनीनं पंप वर काढला. त्याचा जुना पाइप फुगून बोटासारखा जाड झाला होता.

"ह्याची तर कुंडलीच पुसली," ती म्हणाली. "एक अक्षर दिसत नाही. जाऊ दे, आपलं ठरलेलंच आहे."

बाबांनी नव्या पाइपाचा तुकडा मापून घेतला आणि पात्यानं कापला. स्वच्छ, सरळ. "बघ, काय सुरेख बसेल."

"बाबा," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. गल्लीतून भंगारवाला ओरडत जात होता. वहिनीनं क्लिप पाइपावर चढवली.

"बाबा!"

दोघांनी वर पाहिलं. माझा आवाज पार्किंगमध्ये घुमला होता. मी खांब सोडून पुढे झाले आणि बोलायला लागले.

"तो पाइप आत चालणार नाही. आर-नाइन आहे तो. पेट्रोल त्याच्या आतून गेलं तर चालतं, पण बाहेरून भिजलेलं चालत नाही. फुगेल आणि सुटेल, ह्या जुन्यासारखाच. टाकीच्या आत आर-टेन लागतो. जे-थर्टी, आर-टेन. वेगळा मागवावा लागेल."

वहिनीच्या हातातली क्लिप तशीच राहिली. ती पाइपाकडे बघत होती. मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती आठवून बघत होती. बाबांनीही आधी माझ्याकडेच पाहिलं, भुवया उंचावून, कुणी अनोळखी माणसानं पत्ता सांगावा तसं. मग त्यांनी मान वळवली.

"काय गं," त्यांनी वहिनीला विचारलं, "असं असतं का?"

"तिला काय विचारताय, बाबा?" मी म्हटलं. "सांगतेय ना मी."